चाळिसावं बी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या, ते मला विचारू नका. तेव्हा राजे होते आणि त्यांना विषाची भीती वाटायची, एवढं कळलं तरी पुरे.

अशा एका राजाच्या पदरी एक चाखणारा होता. राजाचं ताट वाढलं की त्यातल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास याने खायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि हा अजून जिवंत आहे असं दिसलं की मग राजाने पाटावर बसायचं. तीस वर्षं त्याने हे काम केलं. तीस वर्षांत राजाला कोणीही, एकदाही विष घातलं नाही. पण विष कुठे असू शकतं याचा विचार हा माणूस सकाळ-संध्याकाळ करत राहिला, आणि तीस वर्षं केलेला विचार डोक्यातून उतरून स्वभावात मुरतो. कोणी हसून बोललं की हा आधी त्याचे हात बघे. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला की म्हणे, आधी तुम्ही घ्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा पाणीसुद्धा फुंकत होता.

राजा शेवटी जिन्यावरून पडून मेला.

नवा राजा तरुण होता, मोकळा होता, कोणाच्याही पानातलं उचलून खायचा. त्याला चाखणाऱ्याची गरज नव्हती. त्याने याला एक चांगली शाल दिली, एक बैलगाडी दिली आणि सांगितलं, डोंगरापायथ्याच्या गावात एक घर रिकामं आहे, तिथे सुखाने राहा. चाखणाऱ्याने शाल झटकली, उलटी-सुलटी करून बघितली, तीन दिवस उन्हात टाकली आणि मग गाडीत ठेवली. अंगावर मात्र घेतली नाही.

त्याची बायको मात्र आनंदाने गाडीत बसली. तिचा सगळा संसार राजवाड्यामागच्या दोन खोल्यांत झाला होता. समोर फरशी, मागे भिंत, तुळशीपुरती माती मिळायची मारामार. रोज दुपारी ती दाराशी उभी राहायची. नवरा आपल्या पायांनी घरी येतो की त्याला चौघे उचलून आणतात, हे बघायला. आता तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. घरामागे भाजीचं परडं, आणि त्या परड्यात येऊन बसणाऱ्या शेजारणी. फार मोठं मागणं नव्हतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच मागितलेलं होतं.

त्या गावात अकरा घरं नांदती होती, आणि गावाची एक वेगळीच रीत होती. प्रत्येक घराने एका भाजीचं बी सांभाळायचं. घेवड्याचं बी घेवडेवाल्यांकडे, वांग्याचं वांगेवाल्यांकडे, वालाचं वालवाल्यांकडे. घरांची नावंच तशी पडली होती. पेरणीच्या आधी सगळ्यांनी सगळ्यांना बी वाटायचं आणि त्याबद्दल कोणी काही मागायचं नाही. तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? ज्याने त्याने आपलं बी आपल्या घरात ठेवावं. पण ती माणसं वेडी नव्हती. घेवडेवाल्याचं वांगेवाल्याशी कितीही कडाक्याचं भांडण झालं, तरी पेरणी आली की त्याला वांगेवाल्याच्या दाराशी जावंच लागे, आणि दाराशी आलेल्या माणसाला पाणी द्यावंच लागे. त्यामुळे त्या गावातलं कोणतंही भांडण वर्षभर टिकलेलं नव्हतं.

नव्या घरालाही एक नियम होता. त्याने पहिल्या वर्षी एक भाजी निवडायची, परड्यात लावायची आणि सुगीनंतर तिचं बी घरोघर पोचवायचं. बी पोचलं की घर गावाचं झालं. नाही पोचलं, तर आली ती बैलगाडी पुन्हा जुंपायची. तोवर नव्या माणसाला सगळे 'पाहुणे' म्हणत.

गाडी सुटली त्याच दिवशी शेजारची म्हातारी सूप घेऊन आली. ती वालवाली. गावात सगळ्यांत वयस्कर, आणि तोंडात औषधालाही दात नव्हता. सुपात चार पुरचुंड्या होत्या. काही घरांवर दोन-दोन भाज्यांचं बी सांभाळायची पाळी आली होती, त्यांनी एकेक भाजी नव्या घराला देऊ केली होती. मेथी, कारलं, लाल भोपळा, मुळा. मग म्हातारीने चुलीवरच्या शिंकाळ्याकडे बोट दाखवलं. तिथे धुराने काळी पडलेली एक चिंधीची पुडी टांगलेली होती.

"ते पडवळाचं बी," ती म्हणाली. "तुमच्या आधी इथे एक म्हातारा राहायचा, पडवळवाला. त्याचं त्याच्या घरात राहू दिलंय. चाळीस बिया आहेत. गावात दुसरीकडे कुठे एक नाही. तुम्हाला हवं ते निवडा, पाहुणे. पण मला विचाराल तर पडवळ लावा. आमच्यासारख्या बोळक्यांना तेवढीच एक भाजी चावावी लागत नाही."

चाखणाऱ्याने एकच प्रश्न विचारला. तो म्हातारा कशाने गेला?

"वयाने," म्हातारी म्हणाली.

झालं. याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तो ओळख करून घ्यायच्या निमित्ताने अकराही घरी जाऊन आला आणि प्रत्येक घरी बोलता बोलता तेच विचारलं. अकराही घरांनी एकच उत्तर दिलं, वयाने. तो घरी येऊन बायकोला म्हणाला, की सगळे अगदी एकच सांगतात, म्हणजे आधी बसून ठरवलेलं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय. बायकोने सांगून बघितलं, की सगळे एकच सांगतात कारण तो वयानेच गेला असेल. पण राजवाड्यात मुरलेल्या माणसाला इतकं सोपं उत्तर पचत नाही.

मग त्याने पुरचुंड्या ओळीने मांडल्या आणि कोणती भाजी लावायची याचा विचार करायला बसला. विचार कसला, न्यायनिवाडाच तो. मेथीची पानं उघड्यावर, कुंपणावरून कोणीही काहीही शिंपडावं. भोपळ्याचा वेल पसरतो, कुंपणापलीकडे जातो, म्हणजे अर्धी भाजी दुसऱ्याच्या ताब्यात. कारलं तर नकोच. मुळातच कडू, त्यात आणखी काही कडू मिसळलं तर जिभेला पत्ता लागणार नाही. पडवळ तर मेलेल्या माणसाची भाजी, आणि तीच लावा म्हणून म्हातारीचा एवढा आग्रह का? उरला मुळा. मुळ्यावर मात्र तो खूश झाला. मुळा जमिनीखाली असतो. तिथे कोणाचा हात पोचत नाही.

बायको शेजारी बसून ऐकत होती. आता तिने विचारलं, मुळ्याच्या सावलीत कोण बसतं?

तिला मांडव हवा होता. पडवळाचा हिरवागार मांडव, वरून लोंबणारी लांब पडवळं, आणि खाली निवडायला, सोलायला, बोलायला बसलेल्या बायका. तीस वर्षं तिने काही मागितलं नव्हतं, हे चाखणाऱ्यालाही ठाऊक होतं. संशयी होता, पण माणूस वाईट नव्हता. तो कबूल झाला. म्हणाला, पडवळ लावू, पण बी तपासून.

बायकोला इतका आनंद झाला की तिने तपासून म्हणजे काय, हे विचारलं नाही. मांडवासाठी बांबू हवे होते. शेजारच्या चार बायका आपणहून तिच्यासोबत डोंगरात निघाल्या. ती त्यांच्यामागे हसत गेलेली चाखणाऱ्याने दारातून पाहिली, आणि मग आत येऊन शिंकाळ्यातली पुडी सोडली.

बिया चपट्या, टणक, कडेने नक्षी कातरल्यासारख्या होत्या. त्याने एक उचलली, दाताखाली धरून फोडली, आतला पांढरा गर जिभेवर ठेवला आणि मनात शंभर आकडे मोजले. जीभ बधिर झाली नाही, घसा आवळला नाही. बी चांगलं होतं. आता राजवाड्यात एवढं पुरे असतं. आमटीचा एक घास चांगला निघाला की सगळी आमटी चांगली. पण हा बियांचा ढीग बघून त्याच्या मनात आलं, की हे काही एक ताट नव्हे. यातलं प्रत्येक बी म्हणजे वेगळं ताट. एक चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचा काय भरवसा? त्याने दुसरं फोडलं. मग तिसरं. काम त्याच्या हाडीमासी खिळलेलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला आपण उपयोगाचे आहोत असं वाटत होतं, आणि तो मन लावून करत होता.

बायको डोक्यावर बांबूंचा भारा घेऊन परत आली, तेव्हा तो चुलीपुढे बसला होता. समोर फुटक्या टरफलांचा आणि अर्धवट गरांचा छोटा ढीग होता. चेहऱ्यावर समाधान होतं.

"एकोणचाळीस चाखल्या," तो म्हणाला. "एकीतही काही नाही. सगळ्या चांगल्या आहेत."

बायकोने भारा भिंतीला टेकवला. ढिगाकडे बघितलं.

"चांगल्या होत्या," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. त्याने जन्मात कधी काही पेरलं नव्हतं. ताटातला एक घास खाल्ला तरी ताट उरतं, एवढंच त्याला माहीत. अर्धं बी मातीत घातलं तर अर्धा तरी वेल येईल, असं काहीसं तो बोलू लागला, आणि बायकोचा चेहरा बघून मध्येच थांबला. मग त्याला कळलं. गावात दुसरीकडे कुठे एक नाही, हे म्हातारीचं बोलणं त्याला आठवलं. चाळिसावं बी अजून त्याच्या चिमटीत होतं, दाताशी नेलेलं. बायकोने ते काढून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

त्यानंतर चाखणाऱ्याचं डोकं फार वेगाने चाललं. तो म्हणाला, आपण मुळाच निवडू. मुळ्याचं बी मूठभर आहे, काही अडचण येणार नाही. पडवळाचं कोणी विचारलं तर उंदरांनी खाल्लं म्हणून सांगू. बायकोने ऐकून घेतलं, तोंड धुतलं आणि ती सरळ पारावर गेली. तिथे संध्याकाळची सगळी मंडळी जमली होती. तिने त्यांना सांगितलं, की आमच्या घराची भाजी पडवळ. मंडळींना फार बरं वाटलं. म्हातारी तर बोळकं पसरून हसली.

घरी येऊन बायको नवऱ्याला म्हणाली, "किती बिया उरल्या ते मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. ज्या तोंडाने चावल्या त्याच तोंडाने."

त्याने सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो असं करत पेरणी आली. ते एकटं बी त्यांनी भिजवलं, परड्याच्या मधोमध आळं करून लावलं. बायकोने मांडव मात्र चाळीस वेलांना पुरेल एवढा घातला. नवव्या दिवशी मातीतून दोन पानं वर आली. चाखणारा त्या दिवसापासून काठी घेऊन आळ्याशेजारी बसू लागला.

आता त्याच्या संशयाला खरं कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालेला संशय फार माजतो. एवढ्या मोठ्या मांडवावर एकच वेल चढतोय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. येणारे-जाणारे बघत, पण विचारत कोणीच नव्हतं. कोणी विचारलं असतं तर उंदरांची गोष्ट तयार होती. पण सगळे गप्प. त्याला वाटे, यांना सगळं कळलंय. माहीत असून गप्प आहेत म्हणजे आतून काहीतरी शिजतंय. त्या एका वेलाचं काही बरंवाईट करून आपल्याला घालवायचा यांचा बेत असणार.

सुरुवातीला बायका येत. मांडवाला अजून सावली नव्हती तरी त्याखाली बसत, शेंगा सोलत, बायकोशी बोलत. ती इतकी रंगून जाई की तिचं वय दहा वर्षांनी उतरल्यासारखं वाटे. चाखणारा काठी घेऊन प्रत्येकीच्या हातांकडे बघत बसे. एक दिवस त्याने त्यांना सांगितलं, की परड्यात यायच्या आधी हात धुऊन येत जा. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. बायको एकटीच मांडवाखाली शेंगा सोलत बसली. तिने नवऱ्याला दोष दिला नाही. तिचं ते गप्प बसणं त्याला टोचत होतं, तरी त्याने काठी खाली ठेवली नाही.

वेल वाढला, मांडवावर पसरला, आणि फुलं आली. पांढरी, कडेला बारीक दोऱ्यांची झालर असलेली. पडवळाचं फूल दिवेलागणीला उमलतं. चाखणाऱ्याला ती वेळ फार धोक्याची वाटली. अंधुक उजेड, कोणाचे हात कुठे आहेत ते दिसत नाही. त्याने राजाने दिलेली शाल काढली आणि रोज संध्याकाळी वेलावर पांघरूण घालू लागला. सकाळी शाल काढायची, संध्याकाळी घालायची. फुलं यायची, दोन दिवसांत पिवळी पडून गळायची. एकामागचं बोटभर पडवळही धरेना.

शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"पाहुणे, वेलाला थंडी वाजते का?" तिने विचारलं. मग तिनेच समजावून सांगितलं, की पडवळाच्या फुलावर संध्याकाळची पाखरं, म्हणजे पतंग, येतात. या फुलावरून त्या फुलावर बसतात, तेव्हा कुठे फळ धरतं. शाल काढा.

शाल काढा! नेमकी अंधार पडताना काढा! चाखणाऱ्याला वाटलं, हिचं बोलणं गोड आहे, आणि गोड पदार्थातच कडू चव लपते. त्याने शाल काढली नाहीच, उलट कडा दोरीने बांधल्या. फुलं गळत राहिली. वेलावर आता शेवटचाच बहर उरला होता.

एका संध्याकाळी तो पाणी घेऊन आला, तर वेल उघडा. बायको मांडवाखाली बसलेली, आणि ती शाल तिने स्वतःच्या अंगाभोवती लपेटलेली. हवेत उकाडा होता, कपाळावरून घाम गळत होता.

"आज मला थंडी वाजतेय," ती म्हणाली.

तिच्या अंगावरून शाल ओढून घेण्याइतका काही तो बिघडलेला नव्हता. तो पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने करड्या पंखांची पाखरं आली, फुलांवर भिरभिरली, गेली. त्यांचे हात बघायची सोय नव्हती. पुढच्या चार-पाच संध्याकाळी बायकोला अशीच थंडी वाजली. आणि मग एका फुलामागे, अगदी एकाच, हिरवं बोटभर पडवळ दिसलं. ते गळलं नाही.

ते एक पडवळ म्हणजे आता सगळं काही होतं. गावाची भाजी, त्यांचं घर, बायकोचा मांडव. चाखणारा सकाळी उठल्यावर देवाआधी त्याला बघे.

ते हातभर लांब झालं तेव्हाची गोष्ट. सकाळी तो परड्यात आला आणि जागच्या जागी थिजला. पडवळाच्या टोकाला काळा दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याला एक गुळगुळीत दगड लोंबत होता.

दोरा आणि दगड. करणीच्या जेवढ्या गोष्टी त्याने राजवाड्यात ऐकल्या होत्या त्या सगळ्या एकदम त्याच्या डोक्यात उभ्या राहिल्या. म्हणजे शेवटी हात पोचलाच. आता या फळात काय उतरलं असेल? हे बी घरोघर गेलं आणि कोणाला काही झालं, तर नाव कोणाचं होणार? तोडायला हवं. चिरून आत बघायला हवं. तो आत गेला, विळा घेऊन आला, आणि त्याने पडवळाचं देठ हातात धरलं.

बायको दारात आली होती. तिने दोरा पाहिला, दगड पाहिला, विळा पाहिला. ती धावली नाही, तिने हात धरला नाही.

"कापा," ती म्हणाली. "एकोणचाळीस चाखल्यात, हेही चाखा. मी गाडीत सामान भरते."

आणि ती खरंच आत गेली. आतून भांडी उतरवल्याचे आवाज येऊ लागले. एक हंडा, एक पातेलं, मग तवा. चाखणारा देठ धरून उभा होता. कापलं तर आत काय आहे ते कळणार होतं. पण ते कोवळं होतं, आतलं बी अजून दुधासारखं कच्चं होतं, आणि कळून झाल्यावर हातात काहीच उरणार नव्हतं. त्या भांड्यांच्या आवाजात त्याला एकाएकी आठवलं, की तीस वर्षं ही बाई रोज दुपारी दाराशी उभी राहायची. तिच्याकडे चाखून बघायला काही नव्हतं. आपण जिवंत येऊ की नाही, हे कळायचा तिला एकच मार्ग होता, वाट बघणं. तिने तीस वर्षं ते केलं. आपल्याला एक ऋतू जमत नाही? त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने विळा खाली ठेवला. दोरा सोडला नाही, दगडही तसाच लोंबत ठेवला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत धाडसाचं काम तेच होतं. तीस वर्षांतला एकही घास त्याच्यापुढे काही नव्हता. मग तो आत गेला आणि बायकोने उतरवलेला हंडा पुन्हा जागेवर ठेवू लागला.

पडवळ वाढलं, सुतासारखं सरळ वाढलं. पिकलं, शेंदरी झालं, मऊ पडलं. चाखणाऱ्याने ते दोन्ही हातांवर घेऊन पारावर नेलं आणि सगळ्यांसमोर फोडलं. आत लाल गरात सत्तावीस बिया निघाल्या. त्या धुऊन फडक्यावर पसरल्या, आणि मग तो हात जोडून उभा राहिला. चाळीस बिया होत्या हे त्याने सांगितलं. त्या तपासायला म्हणून आपण एकोणचाळीस चावून फोडल्या हेही सांगितलं. उंदरांचं नाव त्याने घेतलं नाही. यंदा गावात कोणाला पडवळ मिळालं नाही ते माझ्यामुळे, असं म्हणताना त्याचा आवाज फुटला, कारण समोर ती बोळक्या तोंडाची म्हातारी बसलेली होती.

मग म्हातारीच म्हणाली, की ते सगळ्यांना केव्हापासून ठाऊक आहे. पेरणीच्या दिवसांत तुमच्या उकिरड्यावर चावलेली टरफलं पडली होती, आणि उंदरांचे दात काही एवढे मोठे नसतात. दगडही तिनेच बांधला होता. पडवळाला दगड बांधला नाही तर ते वेडंवाकडं वेटोळं होतं. दिसलं पडवळ की बांधायचा, ही जुनी सवय.

चाखणाऱ्याला हसावं की रडावं कळेना. त्याने विचारलं, "सगळं माहीत होतं, तर मला हाकललं का नाही?"

"तुम्हीही या गावात पडलेलं बीच की," म्हातारी म्हणाली. "उगवतंय का ते बघत होतो. चावून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. पण मग उगवला नसता."

त्याने प्रत्येक घराला दोन-दोन बिया दिल्या. उरलेल्या पाच चिंधीत बांधून शिंकाळ्यात टांगल्या. म्हातारीने आपल्या दोन बिया पदरात बांधल्या आणि म्हणाली, "येते, पडवळवाले." पाहुणे म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी चार बायका शेंगांची टोपली घेऊन मांडवाखाली येऊन बसल्या. वेल तोवर वाळला होता, सावली नव्हती. बायकोला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी बाराही घरांच्या परड्यांत पडवळाचे मांडव झाले. पहिलं पडवळ उतरलं, तेव्हा चाखणाऱ्याने स्वतः बसून डाळीत घालून ते अगदी मऊ शिजवलं. वाटी भरली आणि शेजारच्या दाराशी नेली. दाराशी गेल्यावर त्याचे पाय थांबले. म्हातारी उन्हाळ्यातच गेली होती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. खांदा द्यायला तोही होता. पण भाजी शिजवताना तो विसरला होता. म्हातारीला आयुष्यात शेवटचं पडवळ ज्या वर्षी मिळायचं, ते वर्ष त्याने चावून टाकलं होतं. तो वाटी हातात धरून तिथेच पायरीवर बसला आणि रडला.

म्हातारीची सून बाहेर आली. तिने त्याच्या हातातली वाटी घेतली, शेजारी बसली आणि पहिला घास तोंडात घातला. आधी त्याला खायला सांगितलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलंही नाही.

रस्त्याने एक वाटसरू चालला होता. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना बघून तो थांबला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. चाखणाऱ्याने सांगितलं, या घरातली म्हातारी गेली.

"कशाने?" वाटसरूने विचारलं.

"वयाने," चाखणारा म्हणाला. बाराही घरांनी तेच सांगितलं असतं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातलं एवढंच लक्षात ठेवा: चावून बघितलं की बी चांगलं होतं एवढंच कळतं, उगवतं ते न चावता मातीच्या हवाली केलेलं.